संतूने न बघितलेले पिक्चर

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी जेवताना वाचतो. घाटात लिफ्ट मागणारी बाई, विहिरीतून येणारा आवाज... वाचायचं, हसायचं आणि हात धुवायला उठायचं. आमच्या घरात असलं कुणी मानत नाही, मी तर नाहीच नाही. त्यामुळे आज स्वतःच टाइप करायला बसलोय तर बायको दारातून डोकावून "तुमी बी?" म्हणाली. हो, मी बी. फक्त एक आधीच सांगून टाकतो — यात भूत नाहीये. यात माझा चुलत भाऊ आहे, आणि मी त्याच्यावर किती जळत होतो ते आहे.

गाव महाळुंगे पडवळ, तालुका आंबेगाव. मी नारायणगावात खत-औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळतो. शुक्रवारची सुट्टी मालकांशी भांडून घेतलेली आहे, कारण शुक्रवारी नवा पिक्चर लागतो. पिक्चर म्हणजे मारधाडीचा. आकाशातून उडत येणारे, भिंतीतून आरपार जाणारे, एका बुक्कीत ट्रक उलटवणारे... हिंदी डब असो नाहीतर साउथचा, पहिल्या दिवशीचा सकाळी नऊचा शो मी सोडत नाही. तो मोठा आवाज छातीत बसतो ना, त्यासाठी मी जेवण सोडीन. तक्रारी आहेतच माझ्या. हल्ली तीन-तीन तास लांबवतात, हिरोची एंट्रीच वीस मिनिटं चालते, सगळी फायटिंग अंधारात, कोण कुणाला मारतंय कळत नाही, आणि शेवटी नावं पळत असताना पुढच्या भागाचं गाजर दाखवतात. तरी मी शेवटच्या नावापर्यंत बसतो. झाडूवाला येऊन उभा राहतो तरी बसतो.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. टोमॅटोचा तोडा सकाळी होतो आणि दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये निवडणी चालते. लाल वेगळे, तांबूस वेगळे, हिरवट वेगळे, मग क्रेट भरून पिकअप मार्केटला. निवडणाऱ्या बायकांचे हात कामात असतात, कान रिकामे असतात. म्हणून कुणीतरी पिक्चर सांगायचा. गेली सात-आठ वर्षं हा मान माझा. दीडच्या सुमाराला मी थिएटरवरून थेट शेडमध्ये येणार, तांब्याभर पाणी पिणार आणि सुरू करणार. हौसामावशी, म्हणजे निवडणीची मुख्य बाई, नात्यानं कुणाची नाही पण सगळ्यांची मावशी, मला लांबूनच विचारायची, "मेला का रं व्हिलन?" मला तेवढं आठवडाभर पुरायचं.

थिएटरात मात्र आम्ही दोघं असायचो. मी आणि माझा चुलत भाऊ संतू. संतू माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा, घराला घर लागून, शेड दोघांची एकच. बघायचो दोघं, सांगायचो मी. त्याला सांगायला जमत नाही असं मी धरून चाललो होतो. त्यानंही कधी तोंड उघडलं नाही.

गेल्या वर्षी तो बाइकवरून घसरला. मांडीत रॉड पडला, डॉक्टरांनी तीन महिने पाय टेकवायचा नाही म्हणून सांगितलं. घरात पडून पडून कंटाळला, तेव्हा आम्हीच त्याची खाट शेडमध्ये आणून टाकली, माणसांत राहील म्हणून. पहिल्या शुक्रवारी मी एकटा निघालो तर त्याच्या तोंडाकडे बघवेना. "नीट बघून ये," एवढंच म्हणाला.

त्या दिवशी डब केलेला सुपरहिरोचा पिक्चर होता. पडणाऱ्या वस्तू थांबवायची हिरोकडे ताकद असते. शेवटी अख्खा उड्डाणपूल कोसळतो आणि तो दोन हातांवर तोलून धरतो. टाळ्या, शिट्ट्या! गाडीवरून येताना मी सगळं मनात जुळवत आलो. शेडमध्ये पाय टाकला... तर कुणी वर बघेना.

"मावशी, पाणी द्या. लई जबरी पिक्चर—"

"सांगितला की संतूनं," हौसामावशी डोळे पुसत म्हणाली. "पूल धरलाय त्यानं, आन् ती बारकी पोर त्याच्या बुटाची सुटलेली नाडी बघती. बांधायला निघाली तर आय वढती तिला मागं. लई वाईट वाटलं बघ."

कसली नाडी? मी आत्ता बघून आलो होतो, मला कुठे नाडी दिसली नव्हती. संतू खाटेवर पडून पत्र्याकडे बघत होता.

"मोबाईलवर बघितला का रे?"

"मोबाईल फुटला नव्हं का गाडीखाली." खरंच फुटला होता. त्याच्याकडे वहिनीचा बटणाचा फोन होता, बोलण्यापुरता. "तू गेलास आन् थोड्या येळानं डोळ्यापुढं चालूच झालं. मला वाटलं ताप आला."

संध्याकाळी पिकअप मार्केटवरून परतली ती चार क्रेट घेऊन. लाल मालात हिरवे निघाले म्हणून व्यापाऱ्यानं फिरवले होते. संतूचं ऐकता ऐकता बायकांचे हात चुकले होते. काका, म्हणजे संतूचे वडील, एरवी अशा गोष्टीवर शेड डोक्यावर घेतात. त्या दिवशी हसले. "काय सांगतो राव ह्यो!" म्हणाले. तुम्हाला वाटेल यात काय एवढं. पण आठ वर्षांत माझ्या सांगण्यापायी एक टोमॅटो चुकीच्या क्रेटमध्ये गेला नव्हता. एकसुद्धा! ते चार क्रेट मला जे लागले ते लागलेच.

दुसऱ्या दिवशी पोट बिघडलंय अशी थाप मारून मी तोच पिक्चर परत बघितला. पुलाचा सीन आला. गर्दीत, डाव्या कोपऱ्यात, एक लहान मुलगी. सगळे वर बघतायत, ती खाली. हिरोच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली. आईनं तिला दंडाला धरून मागे ओढलं. दोन सेकंदांचा मामला. आदल्या दिवशी मी याच पडद्याकडे बघत होतो. पण मी पूल बघत होतो.

तरी मी मनाची समजूत घातली — कुणीतरी सांगितलं असेल, वहिनीच्या माहेरचं कुणी बघून आलं असेल. दोन आठवड्यांनी साउथचा एक लागला. हिरो साखरेच्या गोदामात चाळीस जणांना लोळवतो, तो. शेवटच्या मारामारीला माझ्या पुढच्या रांगेतला एक टकला माणूस फोन कानाला लावून उभा राहिला. मागून ओरडा झाला, तेव्हा बसला. मी परत आलो तो शेडच्या बाहेरच थांबलो. आत संतूचा आवाज येत होता.

"...त्यो व्हिलन दर टायमाला मारायच्या आदी चष्मा पुसतो. ह्या टायमाला त्यानं पुसलाच न्हाई. मावशी, तवाच मला कळलं, ह्यो घाबारलाय, ह्यो आता मरतोय. आन् हिरोनं हात उचलला... आन् मधीच एक टकला उभा राह्यला की! फोनवर 'गाडी निघाली का, गाडी निघाली का' करतोय. त्याच्या डोक्यापायी वार कसा केला ते काय दिसलं न्हाई बघा."

बायका हसायला लागल्या. त्यांना ती त्याची गंमत वाटली. 

त्या डोक्यामागे अख्ख्या थिएटरात बरोबर एकच माणूस बसला होता. मी.

माणसानं अशा वेळी घाबरायला हवं. इथले सगळे घाबरतात. मला राग आला, खरं सांगतो. उन्हातान्हात गाडी मारून मी जायचं, डोळे माझे वापरायचे, आणि खाटेवर पडल्या पडल्या वाहवा यानं घ्यायची? मांडीत रॉड असलेल्या भावावर मी जळत होतो. त्याला पाणी देताना जळत होतो, कुशीवर वळवताना जळत होतो. आणि सगळ्यात जास्त कशावर जळत होतो, तर त्या चष्म्यावर. तो चष्मा मीही बघितला होता, पाच वेळा. शेवटी तो पुसला नाही हे मला कळलंच नव्हतं.

मग मी जे केलं ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

ज्या सुपरहिरोच्या दुसऱ्या भागाची मी दोन वर्षं वाट बघत होतो, तो लागला. पहिला शो, मधली रांग, मधली सीट. दिवे गेले आणि मी डोळे मिटून घेतले. अडीच तास! नुसते स्फोट, काचा, लोकांच्या शिट्ट्या. फक्त एकदा राहवलं नाही. सगळं थिएटर एकदम गप्प झालं, तेव्हा क्षणभर उघडले. हिरोनं मुखवटा काढला होता. लगेच परत मिटले. माझ्या शेजारच्या माणसाला वाटलं असेल हा झोपायला आलाय.

शेडमध्ये आलो तर निवडणी गुपचूप चाललेली. हौसामावशीनं मला खुणेनं खाट दाखवली.

"आज ह्याला काय दिसंना झालंय."

संतू घामेजलेला होता. "आवाज तेवढा येत व्हता," म्हणाला. "लई आवाज. लाइट गेल्यागत सगळा अंधार. एकदाच उजेड झाला. मुखवटा काढला व्हता त्यानं, आन् कानामागून रगात येत व्हतं. परत अंधार."

कानामागचं रक्त... मी नव्हतं बघितलं. त्या एका क्षणातही नव्हतं बघितलं.

बायका चहाला उठल्या तेव्हा त्यानं मला जवळ बोलावलं. "डोळं मिटून घेतलं व्हतंस व्हय रं?"

मी त्याच्या पायावरची चादर सरळ करत राहिलो.

"मला तेवढंच व्हतं रं," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड केलं.

पुढच्या शुक्रवारी मी डोळे फाडून पिक्चर बघितला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पण संतूला काही दिसलं नाही, आवाजही नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. बायका पुन्हा माझी वाट बघायला लागल्या, मान परत माझ्याकडे आला. मी सांगत होतो आणि शेडमध्ये कुणाच्याही डोळ्याला पाणी येत नव्हतं.

यथावकाश पाय टेकवायची मुभा मिळाली. संतू काठी घेऊन चालायला लागला आणि आम्ही पुन्हा जोडीनं गेलो. गाडीवर त्याला बसवत नाही, म्हणून जाता-येता शेअर जीप केली. जीपमध्ये एकानं विचारलं, "काय पावणं, कसाय पिक्चर?" मी मुद्दाम बोललो नाही. म्हटलं, आता संतू सांगेल.

"बराय," संतू म्हणाला. "फायटिंग चांगली हाय."

बस, संपलं. मी कोपरानं ढोसलं, "अजून काय दिसलं?" तर म्हणतो, "काय दिसायचंय? तुझ्या शेजारीच व्हतो की." स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर त्यालाही पूलच दिसत होता, माझ्यासारखा. त्याला नाडी दिसली होती ती माझ्या डोळ्यांतून. मला ती माझ्याच डोळ्यांतून का दिसत नाही, हे मी जीपमध्ये बसून घर येईपर्यंत समजून घ्यायचा प्रयत्न करत होतो.

मागच्या गुरुवारी मी धीर केला. "संतू, उद्या तू येऊ नको. शेडमध्ये खाटेवर पडून राहा जरा."

त्यानं काठी बाजूला ठेवली. "का रं?"

मला नीट सांगताच येईना. मला ते परत हवंय, तुझ्या तोंडून हवंय, मायला आठवडाभर तेच डोक्यात आहे... यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही.

"अजून जळतोस व्हय माझ्यावर?" त्यानं विचारलं. चिडून नाही. साधंच.

मी "हो" म्हणून मोकळा झालो. त्यापेक्षा सोपं उत्तर सुचलं नाही.

शुक्रवारी एकटा गेलो. तुम्हाला हसू येईल, पण मी हिरोकडे बघितलंच नाही. कोपऱ्यात कोण उभं आहे, कुणाचा हात थरथरतोय, कुणाची चप्पल मागे राहिली, तेवढंच अडीच तास बघत बसलो. त्याच्यासाठी. शेवटची नावं सुरू झाली तसा पळालो, गाडी हाणत आलो.

खाट रिकामी होती. संतू पाय लांब करून बायकांच्या रांगेत बसला होता आणि टोमॅटो निवडत होता.

"काही दिसलं?" मी दारातूनच विचारलं.

"नवाला चालू झालं व्हतं," तो मान वर न करता म्हणाला. "मी उठलो. तोड्याला गेलो वावरात. बोलत राह्यलो ह्यांच्यासंगं, म्हंजी बंद झालं. जळतोस म्हणाला व्हतास ना तू... सांग आता तू. बस."

हौसामावशीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. मी पिक्चर सांगितला, त्यांनी ऐकला, क्रेट भरले. हा सगळा काय प्रकार होता याचा खुलासा माझ्याकडे नाही. इथे कुणाकडे असेल तर जरूर लिहा. पण तो मिळाला तरी संतूसमोर मी "हो" म्हणालो होतो, ते मला परत घेता आलेलं नाही. रोज तो समोर असतो. रोज ठरवतो, आज सांगायचं.