उष्टावणाचा पहिला चमचा

काशीतल्या एका प्रयोगशाळेत मी जुलाबाचे जंतू वाढवतो. बाबा घाटावर पौरोहित्य करतात. त्यामुळे गंगेच्या पाण्याचा विषय मी घरात काढत नाही.

या जंतूंच्या अंगावर केसांसारखे धागे असतात, पृष्ठप्रतिजन म्हणतात त्यांना. त्यांच्या जोरावर जंतू आतड्याला चिकटून बसतात. गारव्यात वाढवले तर धागे फुटत नाहीत, अंगाइतकी ऊब मिळाली की फुटतात. काचपट्टीवर रक्ताच्या थेंबात असे धागे फुटलेले जंतू मिसळून हलवले की लाल दाणे उठतात. मला ते बघायला आवडायचं. आता सांगायची लाज वाटते.

ताईच्या लेकीचं उष्टावण ऐन वैशाखात आमच्याकडे झालं. पहिला घास मामानं भरवायचा. बाबांनी मुन्शी घाटावरून आणलेलं पळीभर गंगाजल निवलेल्या खिरीत घातलं आणि वाटी देवघरात ठेवली. पूजा दोन तास चालली. मी वाटीला हात लावला तर ती अंगाइतकी कोमट होती.

"बाबा, खीर दुसरी करू या का?"

"का रे? गंगाजल पडलंय त्यात. अब काय फेकून द्यायची?"

पाहुणे हसले. मीही हसलो, कारण चारचौघांत वाद घालायची हिंमत नव्हती. चमचा भरवला. पोरीनं मिटक्या मारल्या, पुन्हा तोंड उघडलं. मी आणखी दोन चमचे दिले.

दुसऱ्या दिवशी पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी सलाईनसाठी शीर सापडेना. दुपारी ती गेली.

दवाखान्यातून तिच्या जुलाबाचा नमुना आमच्याच प्रयोगशाळेत आला. त्यातले जंतू वाढवून मी काचपट्टी हलवली. मिनिटभरात लाल दाणे उठले.

घरी बाबांनी विचारलं, "पानीमुळे तर नाही ना झालं?"

ते एवढेसे दिसत होते. मी म्हणालो, "नाही. दूध खराब असेल."

दूध ताईनं आणलं होतं. ती दारातच उभी होती. त्या दिवसापासून तिनं दुधाला हात लावला नाही, चहासुद्धा कोरा पिते. ती आमच्याकडे आली की तिचा कोरा चहा मीच करायचो.

दोन वर्षांनी तिच्या मुलाचं उष्टावण आलं. सगळे जमल्यावर बाबांनी गंगाजलाचा गडू माझ्या हातात दिला.

"उकळून आण," ते म्हणाले. "खूब उकळ."

ताई आधी गडूकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. खीर तिनं स्वतःच भरवली.