काळं तोंड, निळं तोंड

लताक्कांच्या दुकानात शिरताना आधी लोखंडी कपाटाला हात लावावा लागे. गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो, नाहीतर डबा घेऊन आलेले खुद्द त्यांचे यजमान असोत, दारातच आरोळी येई, "लोखंडाला हात!" मी पहिल्यांदा गेले तेव्हा हे काही देवाचं असावं असं वाटून मी कपाटाला लावलेला हात कपाळालाही लावला. अक्का इतक्या हसल्या की हातातला स्क्रू टेबलाखाली गेला.

"अगं, पाया न्हाई पडायचं! अंगात करंट साचतोय आपल्या. त्यो आधी लोखंडाला द्यायचा, मंग मशिनीत हात घालायचा. न्हाईतर बोर्ड मरतोय."

लातूरला गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. अक्का मूळच्या उदगीरकडच्या, शेतकरी घरातल्या. कुठलंही मशीन उघडण्याआधी त्या बैलाला मारावी तशी त्याच्या पाठीवर थाप मारत आणि म्हणत, "हं, काय दुखायलंय राजा?"

त्या दिवशी दुखणं माझंच जास्त होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या चुलत बहिणीचं रिसेप्शन होतं आणि साखरपुड्यापासूनचे सगळे व्हिडिओ जोडून मी मोठ्या पडद्यावर फिल्म दाखवणार, असं घरात कबूल करून बसले होते. मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी कबूल केलं होतं. आत्या म्हणालीही, "ही? हिला चहा पाहिजे का विचारलं तरी नुसती मान हलवते." आणि फोटोग्राफरची हार्डडिस्क त्या सकाळी हातात आली, तर माझ्या शाळेपासूनच्या कॉम्प्युटरने नुसती कॉपी करायला आठ तास मागितले.

"काय झालंय?" अक्कांनी विचारलं.

"यूएसबी... स्लो," मी म्हणाले. माझं इंग्रजी शाळेतलं मराठी अशा वेळी दोन शब्दांत संपतं.

मी आणलेलं कॉम्प्युटरचं कॅबिनेट अक्कांनी फिरवून मागून पाहिलं आणि मान हलवली. "तोंड काळं हाय."

आमच्या घरी कुणाला हाकलायचं असलं की आत्या "तोंड काळं कर" म्हणते. मला मराठी कमी येत असेल, पण एवढं येतं. मी गुपचूप कॅबिनेट उचललं आणि दाराकडे निघाले.

"अगं ए! कुठं चाललीस?"

"तुम्हीच म्हणालात."

अक्कांनी कपाळावर हात मारला. मग खुर्चीत बसून पदर तोंडावर धरून गदगदा हसल्या. "तुजं न्हाई गं बाई, मशिनीचं! ह्ये बग, जुन्या यूएसबीचं तोंड आतून काळं असतंय, नव्या फास्टचं निळं. तुज्या मशिनीला सगळी काळीच. त्याला नवं तोंड बसवू."

हसता हसताच त्यांनी झाकण काढलं. बोर्डवर एक छोटा स्लॉट रिकामा सापडला. "गोठ्यात जागा हाय!" त्यात त्यांनी दोन निळ्या तोंडांचं कार्ड दाबून बसवलं. मग त्याला पॉवरची वायर शोधू लागल्या. "नवी म्हैस आणली की चारा येगळा टाकावा लागतोय. बोर्डाच्या चाऱ्यावर हिचं न्हाई भागत." ते चित्र मला इतकं पटलं की माझं हसू नाकातून बाहेर पडलं. अनोळखी माणसासमोर मी असं कधी हसत नाही.

घरी आले, डिस्क लावली. पुन्हा आठ तास. पाहुण्यांनी भरलेल्या दिवाणखान्यात माझा कॉम्प्युटर आणि मी. मी अक्कांना फोन लावला. तिकडे गोंगाट होता, त्यांना ऐकू येईना. शेवटी मी होत्या नव्हत्या तेवढ्या आवाजात ओरडले, "अक्का, माझं तोंड अजून काळंच आहे!"

लाडू वळणारे हात थांबले. आत्या तशीच धावत आली, "काय केलंस गं तू? कोण आहे तो?"

फोनमधून अक्का त्याहून मोठ्यांदा, "पुढं लावलीस का? पुढची तोंडं जुनीच हायती, येडे! मागून लाव, मागून!"

मी डिस्क मागच्या निळ्या तोंडात लावली. आठ तासांचा दीड तास झाला. मी उडीच मारली. आत्याला सगळं समजावताना मी सलग पाच मिनिटं बोलले. घरच्यांना फिल्मपेक्षा त्याचंच नवल.

माझ्या आग्रहावरून रिसेप्शनला अक्का पैठणी नेसून आल्या. फिल्मवर लोक खुर्च्या वाजवत हसले, आणि मग कुणीतरी मला ढकलत स्टेजवर चढवलं, "दोन शब्द बोल!" तीनशे चेहरे समोर. मी खाली उतरायला वळले. तेवढ्यात मागच्या रांगेतून आरोळी आली, "लोखंडाला हात!"

मी माइकचा स्टँड घट्ट धरला आणि बोलले. दोन नाही, बरेच शब्द.

पुढे अक्का लेकीकडे नांदेडला गेल्या. दुकान तिथेच थाटलंय म्हणे, कपाटासकट. मागच्या महिन्यात मी नोकरीच्या मुलाखतीला गेले. आत जाण्याआधी दाराचं लोखंडी हँडल मी जरा जास्तच वेळ धरून उभी राहिले. आतून साहेब म्हणाले, "दार उघडंच आहे, या."

"हो," मी म्हणाले, "करंट देत होते."