साडूंची गाडी डावीकडे ओढते

आमच्या साडूंइतका गाडीच्या पुढच्या चाकांचा विचार केलेला माणूस पिंपरी-चिंचवडात, आणि मी तर म्हणेन उभ्या महाराष्ट्रात, झाला नसेल. लग्नाला गेलो की लोक नवरा-नवरी बघायचे, हे मांडवाबाहेर नवरदेवाच्या गाडीपुढे उकिडवे बसून टायरांवरून हात फिरवायचे आणि पंगतीत माझ्या कानाशी लागून सांगायचे, "टायर आतल्या अंगानं खाल्लाय. पोरगा जपून वागणारा न्हाई." माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे हे यजमान. घराणं मूळ भोसरीचं, शेतकऱ्याचं. जमीन एमआयडीसीत गेली आणि साडू पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूमला फिटर म्हणून लागले. मी त्याच कंपनीत इन्स्पेक्शनला होतो. त्यामुळे चारचौघांत ते मला 'इन्स्पेक्टर' म्हणायचे. त्यात थट्टा होती, पण थोडा आदरही होता, आणि तो आदरच मला पुढे महागात पडला.

सत्तर सालच्या आसपास कंपनीतला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी निघाला आणि जाताना आपली डब्याएवढी गाडी साडूंच्या गळ्यात मारून गेला. आपल्याकडच्या गाड्यांचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. हिचा सगळा जोर पुढच्याच चाकांना. साऱ्या भोसरीला हे विपरीत वाटलं, साडूंना मात्र त्यात काहीच नवल वाटलं नाही. "बैल गाडीच्या पुढं असत्यात का मागं?" एवढं एकच ते विचारायचे.

आता आहे ती गाडी गुमान चालवावी की नाही? पण टूलरूमच्या माणसाच्या हाताला खाज असते. साडूंनी इंजिन उतरवलं, सिलिंडर मोठे केले, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले. पुढच्या चाकांना धरून ठेवणाऱ्या दोन तिरक्या दांड्या असतात, त्यांच्या टोकांची रबरी बुशं, म्हणजे दांडीभोवतीची जाड रबरी कडी, चिरली होती, तीही भोसरीतल्या एका रबरवाल्याकडून नवीन ओतून घेतली. हे सगळं कशासाठी, तर आक्कांना एकदा स्वतःच्या गाडीतून माहेरी न्यायचं म्हणून. माहेर खेडला, चाकणच्या पुढे. आक्का लग्न होऊन आल्या तेव्हापासून एसटीनं जायच्या, मांडीवर पिशवी आणि पिशवीत भावांच्या पोरांसाठी लाडू. एकदा आपली गाडी भावांच्या दारात उभी राहावी, एवढीच त्या बाईची हौस होती. दुसरं काही तिनं नवऱ्याकडे कधी मागितल्याचं मला आठवत नाही.

पहिल्याच फेरीला चाकणच्या बाजारापाशी थांबलेली एसटी ओलांडून साडूंनी एक्सलेटर दाबला. गाडीनं डावीकडे अशी झेप घेतली की ती थेट कांद्याच्या गोण्यांच्या थप्पीत शिरली. आक्का डाव्या बाजूला बसलेल्या. कपाळाला टेंगूळ आलं, बाकी काही नाही. त्या तर पदर तोंडाला लावून हसत होत्या, कारण साडूंच्या मांडीवर दोन किलो कांदे येऊन पडले होते. पण साडूंचा चेहरा पांढरा पडला. खेडला न जाता ते तिथूनच मागे फिरले, आक्कांना घरच्या एसटीत बसवलं आणि जाहीर केलं की गाडी सरळ ओढेपर्यंत बायकोला तिच्यात बसवणार नाही.

झालं. त्या दिवसापासून आमचे गुरुवार संपले. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, रस्ते मोकळे. साडू गाडी काढायचे आणि मला घरातून उचलायचे. इंजिन तगडं झाल्यामुळे निघताना पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरायची, धुरळा उडायचा आणि गाडी हलायचीच नाही. साडूंनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मला बॉनेटवर बसायला सांगितलं. पुढच्या चाकांवर वजन हवं होतं, आणि सासरवाडीत मीच सगळ्यात वजनदार. मी इन्स्पेक्शनचा माणूस, पांढरा शर्ट घालून बॉनेटवर बसलेला, आणि चहाच्या टपरीवरचे कामगार सलाम ठोकतायत. चाकं फिरायची थांबली, हे कबूल करायला हवं. पण गाडी डावीकडे ओढायची ती ओढायचीच. जोर दिला की डावीकडे, पाय काढला की उजवीकडे.

साडूंचं निदान असं, की डावा बैल जास्त वढतोय. मग त्या बैलाची चौकशी सुरू झाली. डावा टायर उजवीकडे, उजवा डावीकडे. हवा रोज दोनदा मोजणं. चाकांवर खडूच्या रेघा मारून कुठलं किती फिरलं ते बघणं. इंजिन हलतं का म्हणून त्याला साखळदंडानं बांधणं. रस्त्याचा उतार म्हणून तोच रस्ता उलट्या दिशेनं. एका गुरुवारी त्यांनी माझ्यावरही संशय घेतला, की मी बॉनेटवर डावीकडे सरकून बसतो. शेवटी स्वतःवर घेतला: "माझाच डावा हात जड आसंल." सतत स्टेअरिंग उजवीकडे धरून धरून ते पायी चालतानाही उजवीकडे कलायला लागले होते. फिरून घरी आलो की आक्का दारात उभ्या. हातात पाण्याचा तांब्या आणि ठरलेला प्रश्न, "आली का सरळ?" साडू मान हलवायचे. "येईल की," आक्का म्हणायच्या, "पळून चाललीय का मी?"

सात वर्षांत साडूंनी सगळ्यांवर संशय घेतला. घेतला नाही तो फक्त त्या दोन रबरी बुशांवर, आणि त्याला कारण मी. बुशं ओतून आली तेव्हा त्यांनी ती जेवणाच्या डब्यात भाकरीखाली लपवून कंपनीत आणली होती, आमच्याकडे रबराचा कडकपणा मोजायचं यंत्र होतं म्हणून. खाजगी काम, साहेब फिरतीवर, कधीही येऊन उभे राहतील. आमची पद्धत अशी की लॉटमधले मोजके नग तपासायचे आणि बरोबर निघाले की सगळ्या लॉटला हिरव्या रंगाचा ठिपका द्यायचा. मी एक बुश तपासलं. चांगलं निघालं. दुसऱ्याला तसाच ठिपका दिला. दोन नगांचा लॉट! बॉनेटवर बसल्या बसल्या एकदा ते मनात आलंही होतं. पण एवढ्या दिवसांनी कुठे सांगायचं, आणि साडूंच्या नजरेतला इन्स्पेक्टर कशाला खाली उतरवायचा, म्हणून मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

मग आक्का गेल्या. तापाचं निमित्त झालं, पिंपरीच्या दवाखान्यात आठ दिवस होत्या. शुद्धीवर होत्या तोवर साडूंना म्हणत होत्या, गाडी आणा, मी तिच्यातूनच घरी येते, वाकडी तर वाकडी. साडूंनी आणली नाही. तेरावं झालं आणि त्यांनी गाडी भंगारात द्यायची म्हणून खोलायला काढली. ती दोन बुशं डब्यात घालून पुन्हा माझ्याकडे आणली आणि म्हणाले, "एवढंच राहिलंय बघायचं. उगं आपलं मनाच्या समाधानाला."

मी दोन्ही यंत्राखाली धरली. उजवं टणक होतं, डावं मऊ. दोन वेगवेगळ्या घाण्यांतलं रबर. जोर दिला की डाव्या बाजूचं दबत होतं, तिकडचं चाक पुढे सरकत होतं आणि गाडी तिकडे वळत होती. इतकंच होतं ते.

मी सगळं सांगितलं. एकच तपासलं होतं, हेही सांगितलं. साडू बराच वेळ त्या हिरव्या ठिपक्यावर अंगठा घासत बसले. सात वर्षांत तो फिकटला होता, पण गेला नव्हता. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ठिपका व्हता ना," ते म्हणाले, "म्हणून मी बघितलं न्हाई. माझंबी चुकलंच."

गाडी त्यांनी भंगारात दिली नाही. नवीन बुशं आणली, दोन्ही माझ्याकडून दोनदा तपासून घेतली आणि बसवली. पुढच्या गुरुवारी मला बोलावलं. मी सवयीनं बॉनेटकडे निघालो तर त्यांनी मागच्या सीटकडे बोट दाखवलं. पुढची डावी सीट रिकामीच राहिली. चाकण रोडला लागल्यावर त्यांनी एक्सलेटर पार तळापर्यंत दाबला आणि स्टेअरिंगवरचे दोन्ही हात उचलले. गाडी सुतासारखी सरळ गेली. खेडपर्यंत जातील असं मला वाटलं होतं, पण कांद्याच्या बाजारापाशी त्यांनी गाडी वळवली.

घरासमोर गाडी थांबली. साडू उतरेनात. इंजिन चालू, नजर दाराकडे. दाराला कडी होती. गप्प बसण्याचं काय होतं ते मी एकदा पाहिलं होतं. म्हणून मीच विचारलं, "आली का सरळ?"

"आली," साडू म्हणाले, आणि इंजिन बंद केलं.