गुरुजींचं सोवळ्यातलं फोल्डर

गुरुजी आपल्या कीबोर्डाला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. मदत हवी असली की मला हाक मारायचे, शेजारी स्टूल ओढून द्यायचे आणि वर बजावायचे, "हात नको लावूस बेटा. तू बोल, मी करतो." मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी काहीतरी दाबलेलं असायचं. काय दाबलंत म्हणून विचारलं तर, "काही नाही, बस, ओके आलं होतं, तर ओके केलं."

घराणं पूर्वी दरबारातल्या पूजाअर्चेचं, म्हणून गुरुजी. एरवी पन्नाशीचे प्रोग्रामर. जयेंद्रगंजातल्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही दाल बाजारातल्या दुकानांसाठी बिलांचे प्रोग्राम लिहीत असू. स्क्रीनवरचा संदेश गुरुजींनी कधी जसाच्या तसा वाचून दाखवला नाही, नेहमी भावार्थ सांगितला. "काय लिहिलंय?" "नाराज आहे." यावर माणसाने काय करावं?

मग आमचं ऑफिस इंदूरच्या एका कंपनीत विलीन झालं. कुणी कुठली ओळ कधी बदलली याची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्येच यापुढे काम करायचं, असा हुकूम आला. प्रत्येकाला गिटसकट नवं फोल्डर मिळालं. शनिवारी संध्याकाळपर्यंत आपल्या मशीनवरून, प्रोग्राम लिहायच्या एडिटरमधूनच, एक दुरुस्ती पाठवून दाखवायची. ज्याला जमणार नाही त्याने इंदूरला येऊन बसायचं.

गुरुजींना इंदूरचं वावडं नव्हतं. प्रश्न त्यांच्या आईंचा होता. घरात दोघंच. आईंची नजर केव्हाच गेलेली, पण त्या घरात त्या चहा करत, दिवा लावत, दारावर आलेल्या भाजीवाल्याशी भांडतही. गुरुजी एकदाच बोलले, "या घरात माझी आई आंधळी नाहीये बेटा. दुसरीकडे नेली की होऊन जाईल."

त्यामुळे शनिवारी सकाळी त्यांची हाक आली तेव्हा मी निमूटपणे स्टुलावर जाऊन बसले. "हा तर मानूनच नाही राहिला," गुरुजी म्हणाले. एडिटरला गिटशी जोडणारं एक्स्टेन्शन सांगत होतं की इथे गिट सापडत नाही. मी एक्स्टेन्शन काढून पुन्हा टाकायला लावलं. एडिटर बंद करून उघडायला लावला. मशीनवर गिट आहे का ते पाहिलं, तर होतं. सेटिंग उलटीपालटी केली. माझ्या मशीनवर तेच एक्स्टेन्शन सुरळीत चाललं होतं. दुपार झाली, माझा डबा तसाच राहिला आणि गुरुजी मलाच धीर देत होते, "घाबरू नको, होऊन जाईल."

शेवटी स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात फोल्डरचं नाव दिसलं. 'रोजचं'. कंपनीने तर असं कुठलं फोल्डर दिलं नव्हतं.

"हे काय आहे, गुरुजी?"

"नक्कल. रोज सकाळी मूळ फोल्डर उघडतो, आतल्या सगळ्या फायली निवडतो आणि इथे आणतो. काम इथेच करतो. मूळ सोवळ्यात आहे."

"पण का?"

"अगं, देवघरात बसून कुणी भाजी चिरतं का?"

मी डोक्याला हात लावला. गिटची सगळी नोंद मूळ फोल्डरातल्या एका लपवलेल्या फोल्डरात असते. गुरुजी दिसतील तेवढ्या फायली उचलत होते, ते मागेच राहत होतं. नकलेत गिट नव्हतंच, तर बिचाऱ्या एक्स्टेन्शनला सापडणार कुठून?

"मूळ उघडा आणि त्यातच काम करा," मी ओरडलेच.

"आणि त्यात चूक झाली तर?"

"मागे घेता येते! त्याचसाठी तर गिट आहे, गुरुजी!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना पाप करायला सांगत होते. मग उठले, हात धुऊन आले आणि मूळ फोल्डर उघडलं. एक्स्टेन्शन लगेच जागं झालं. एक ओळ दुरुस्त करायला त्यांनी तासभर लावला, पण दिवेलागणीच्या आत ती इंदूरला पोहोचली. गुरुजी लष्कर भागातल्या आपल्या घरातच राहिले. पुढे माझा विभागच इंदूरला हलला, तेव्हा जायची पाळी माझ्यावर आली.

निघण्याआधी त्यांच्या घरी गेले. आईंनी चहा केला. इतका वैताग दिलेल्या माणसाचा निरोप घेणं एवढं जड जाईल, असं मला वाटलं नव्हतं. आई जिन्यापर्यंत आल्या. तिथे भर दुपारीही अंधार असतो. मी पाऊल टाकणार, तोच त्यांनी माझा हात धरला.

"थांब बेटा, मी पुढे होते," त्या म्हणाल्या. "तुला दिसायचं नाही."