मी कॅम्पवर गेलेच नव्हते!

असल्या चमत्काराच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर हसतच आले. माहेरी-सासरी कुणाचाच असल्यावर कधी विश्वास नव्हता. तेव्हा हे घाबरून नाही, संतापून लिहितेय!

माझी सई सतरा वर्षांची. वर्गात हात वर करायलाही लाजायची. यंदा आपण होऊन एका युथ एक्सचेंजसाठी नाव दिलं... निवड झाली तर महिनाभर जपान! निवडीचा कॅम्प देवासच्या पुढे टेकड्यांवर होता. आमच्या इथल्या देवास गेट स्टँडवरून बस सुटली तेव्हा पोरीने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. काय बरं वाटलं मला!

शेवटच्या दिवशी ‘ट्रस्ट वॉक’. डोळ्यांवर पट्टी बांधून, झाडाझाडांना लावलेला दोर धरून एकटीने चालायचं. बाहेरून कुणाची मदत घेतली की बाद. मधेच हातातला दोर सुटला. सई तशीच पुढे निघाली, आणि आवाज आला — “सई, जागची हलू नकोस!” तिने थांबून पट्टी काढली, तर अगदी पायाशी बिनकठड्याची विहीर.

आणि बाद कुणाला केलं? पोरीलाच! का, तर तिची आई झाडीत लपून सूचना देत होती म्हणे!

कॅम्पच्या सरांचा फोन आला. “मैडम, हमने खुद सुना. बच्ची भी बोल रही है, मम्मी थी.”

“अहो, मी इथे शहरात, फ्रीगंजला माझ्या बँकेत कामावर होते! पूरे स्टाफ से पूछ लो! और वो कुआँ पहले किसी ने देखा था?”

“वो अलग मैटर है.”

अलग मैटर! माझी पोरगी विहिरीत गेली असती, मेल्यांनो!

“फिर ये क्या है?” म्हणत सरांनी ते मराठी वाक्य म्हणून दाखवलं. अडखळत, पण जसंच्या तसं. त्यांना मराठी अजिबात येत नाही.

मी फोन ठेवून दिला. कारण त्याच दुपारी काउंटरवर एका आजोबांचं पासबुक हातात असताना मी ताडकन उभी राहून हेच ओरडले होते. का, देव जाणे! आजोबा दचकले, स्टाफ हसला. घरी मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. आता कॅम्पवाले म्हणतात, तुम्ही तिथे होतात हे कबूल करा, माफी मागा, पुढच्या वर्षी सईला परत संधी देऊ. मी का मागू माफी?

काल सई जवळ येऊन बसली. “आई, माग ना गं माफी... तू होतीसच ना तिथे?”