पहिलीच्या वर्गातल्या सिंधी बाई

काही विचारायचं असलं की त्या आधी बोट वर करत. पन्नाशीची बाई, निम्मे केस पांढरे, आणि तरटपट्टीवर सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये मांडी घालून बसलेली. "पूछूँ, बाई?" मी मान हलवली की मगच पुढचं बोलायच्या. मी तेव्हा तेवीस वर्षांची, खामगावच्या मुलींच्या शाळेत पहिलीचा वर्ग शिकवत होते.

तुम्ही त्यांना तसं बसलेलं पाहिलं असतं तर हसला असता. गाव हसलंच. मला मात्र ते आठवलं की अजून संताप येतो, कारण त्यांना तिथं कुणी बसवलं ते मला ठाऊक आहे.

फाळणीनंतरच्या हिवाळ्यात जलंबवरून येणाऱ्या गाडीनं सिंधमधली वीसेक कुटुंबं गावात उतरली. त्यांना कापूस पिंजणाऱ्या एका बंद पडलेल्या जिनाच्या गोदामात ठेवलं. तिथं पाणी नव्हतं. त्यांच्या बायका शेजारच्या विहिरीवर गेल्या तर आमच्या बाया म्हणाल्या, "मासे खानाऱ्या तुम्ही. आमच्या दोराले हात नका लावू." सगळं सोडून आलेल्या माणसांचं आम्ही असं स्वागत केलं.

चौथ्याच दिवशी ह्या बाई शाळेत नोकरी मागायला आल्या. तिकडे त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. पदराखालून दाखला काढून त्यांनी शाळा कमिटीच्या सेक्रेटरींसमोर ठेवला. सेक्रेटरींनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

"हे तं उर्दू हाय. पाकिस्तानचे कागद इथं काऊन आनले?"

"साहब, यह सिंधी है."

"अक्षर तं त्यायचंच ना!"

शाळेची पुस्तकं बांधून देणारे एक मुसलमान चाचा त्या वेळी ओसरीवर होते. त्यांनी दाखला उजेडात धरला आणि बोट फिरवत वाचला. "बोली येत नाही मले, पर अक्षर लागते. बावीस साल शिकवलं म्हनते यात." मग बाईंकडे बघून हळूच म्हणाले, "माह्या भावाले तिकडं जा लागलं, तुमाले इकडं या लागलं. कोनी इचारलं का आपल्याले?"

सेक्रेटरी म्हणाले, "याची साक्ष मी काऊन मानू?" आणि बाईंना हुकूम सोडला, "मराठी चौथी पास व्हा, मंग पाहू."

त्याच संध्याकाळी चाचांनी आपल्या अंगणातली विहीर गोदामातल्या बायकांना मोकळी करून दिली. ज्या मुसलमानांच्या नावानं गाव ह्या बायकांना भीती घालत होतं, त्यांच्याच घरचं पाणी त्या गावात होत्या तोवर प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी बाई पाटी घेऊन माझ्या वर्गात हजर. सेक्रेटरींना वाटलं होतं, ह्या लाजून परत फिरतील.

जन्मभर उजवीकडून लिहिलेलं, म्हणून पहिले काही दिवस त्यांची पाटी उलट्या टोकाकडून सुरू व्हायची. 'ळ' तर त्यांच्या जिभेवर बसेचना. मी म्हणे 'फळ', त्या म्हणत 'फड'. 'ळ'चा 'य' करणाऱ्या आमच्या वऱ्हाडी वळणानं शेजारची चिमुरडी त्यांना सुधारायची, "फड नाही वो, फय म्हना, फय!" बाईंनी बोट वर केलं. "पूछूँ, बाई? तीनों में सही कौन?" मीच इतकी हसले की वर्ग आवरेना.

वर्गात पोर रडायला लागलं की ते आपोआप त्यांच्या मांडीवर जाई. कुठल्या मुलीला नीट दिसत नाही, हे माझ्याआधी त्यांना कळलं. शिकवणं त्यांच्या अंगातच होतं. मला ते दिसत होतं, आणि मी त्यांना पाढे म्हणायला लावत होते.

एकामागून एक इयत्ता ओलांडत दीड वर्षात त्या चौथी पास झाल्या. कमिटीच्या बैठकीत सेक्रेटरींनी निकाल पाहिला आणि म्हणाले, "वयाचा नियम हाय. एवढ्या वयात नवीन नेमनूक होत नाही."

मी उभी राहिले. "हा नियम दीड वर्षापूर्वी नव्हता का?"

"तुम्ही बसा, बाई."

मी बसले. आई आणि दोन भाऊ माझ्या पगारावर होते, हे खरं. पण मी बसले, हेही खरं.

बाहेर आल्यावर मला रडू कोसळलं. बाहेर थांबलेल्या बाईच माझी पाठ थोपटत होत्या. "रोओ मत. मराठी तो मेरे पास रह गई ना? वो कैसे लेंगे वापस?"

त्यांनी गोदामात वर्ग सुरू केला. आपल्या लोकांची बारा-बारा वर्षांची पोरं पहिलीत बसू नयेत म्हणून त्या त्यांना मराठी शिकवू लागल्या. फळा नव्हता. भिंतीवर कोळशानं हातभर उंच अक्षरं काढली. पुढच्या जूनमध्ये त्यांच्या वर्गातल्या अकरा मुली आमच्या शाळेत आपापल्या वयाच्या वर्गात बसल्या. संमेलनात सेक्रेटरी भाषणात म्हणाले, "निर्वासितांच्या लेकरांना आपल्या शाळेनं मराठी दिली." टाळ्या पडल्या. बाईंना आमंत्रणसुद्धा नव्हतं.

पुढं सरकारनं त्या कुटुंबांना कल्याणच्या छावणीत हलवलं. मी स्टेशनवर पोचले तेव्हा गाडी निघून गेली होती.

आठवड्यानं गोदामाकडे गेले. जिन पुन्हा सुरू व्हायचं होतं आणि रखवालदार भिंतींना चुना मारत होता. 'क'पासून 'य'पर्यंतची अक्षरं पांढरी झाली होती. पुढची अजून काळी होती.

"हे राहू द्या," मी म्हटलं.

"मालकानं सांगतलं हाय, बाई."

मी त्याची चुन्याची बादली उचलली, दारापर्यंत नेली आणि रस्त्यावर ओतली. त्या सगळ्या प्रकरणात मी केलेला विरोध तो एवढाच. रखवालदार बादली घेऊन दुसरा चुना कालवायला गेला.