डोंगऱ्याचं सॉफ्टवेअर

त्याला सगळे डोंगऱ्या म्हणत. भावोजींच्या पाट्यांच्या दुकानात तो कॉम्प्युटरवर बोर्ड तयार करायचा, आणि बोर्ड शिकवणीचा असो की दंतवैद्याचा, कोपऱ्यात एखादा डोंगर काढल्याशिवाय या गृहस्थाच्या हाताला चैन पडायचं नाही. "अरे, दातांच्या मागे डोंगर कशाला?" भावोजी कपाळाला हात लावायचे. "रिकामं दिसतं," हा म्हणायचा. दंतवैद्याला तो डोंगर म्हणजे दाढ वाटली आणि तो खूश होऊन गेला, ती गोष्ट निराळी.

खरं वेड तर पुढेच आहे. रोज सकाळी, शटर अर्धं वर करून, गिऱ्हाईक यायच्या आत हा नसलेल्या देशांचे नकाशे काढायचा. राक्षस, जादूगार, बुडालेली राज्यं असे खेळ असतात ना, त्यांत खेळणाऱ्याला कुठून कुठे जायचं ते कळायला नकाशा लागतो. डोंगऱ्याने असं एक अख्खं जग उभं केलं होतं. त्यातली प्रत्येक नदी उतारानेच वाहायची. दुसऱ्या कुणाच्या नकाशात नदी डोंगर चढताना दिसली, की याचं डोकं दिवसभर फिरलेलं असायचं.

आईवडील गेले तेव्हा तो शाळेत होता. ताई लग्न करून गेली ती याला सोबत घेऊनच. भावोजींनी एका शब्दाने विचारलं नाही, की हा किती दिवस राहणार. शिकवलं, हाताला धरून दुकानात बसवलं. आज पस्तिशी आली तरी त्याच्या चहात साखर किती, हे ताईच ठरवते. अहो, माणसं वाईट असती तर किती बरं झालं असतं! भांडून, आदळआपट करून निघून तरी जाता आलं असतं. इथे भांडायचं कुणाशी?

तर एके दिवशी खेळ बनवणाऱ्या एका बाईंनी त्याचा नकाशा इंटरनेटवर पाहिला आणि फोन केला. "आमच्या ऑफिसात या, रोजच्या कामाला. दिवसभर नकाशेच काढायचे." दिवसभर नकाशे! बाईंची एकच अट होती. प्रत्येक डोंगर, प्रत्येक झाड वेगळं उचलता आलं पाहिजे, कारण खेळात ते हलवावं लागतं. सॉफ्टवेअर कोणतंही निवडा, म्हणाल्या, पण एक बेट करून दाखवा.

आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. नकाशा काढताना समुद्र एका थरावर, डोंगर दुसऱ्यावर, नावं तिसऱ्यावर ठेवायची असतात, म्हणजे एकाला हलवलं तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. पण पाटीवाल्यांची सवय वेगळी. गिऱ्हाइकाने होकार दिला की सगळे थर दाबून एक करायचे आणि छपाईला धाडायचं. डोंगऱ्याच्या बोटांना तेच वळण. दुकानातलं जुनं मशीन धापा टाकायला लागलं, तेव्हा त्याने आपल्या जगाचेही थर दाबून एक करून टाकले होते. आता डोंगर उचलायला गेलं, की खालचा समुद्र फाटून सोबत वर यायचा. अख्खं जग पुन्हा काढायचं होतं. घ्या!

मग सॉफ्टवेअरची शोधाशोध सुरू झाली. एक फुकटचं होतं, पण त्यात साधा ब्रश सापडता सापडता याच्या नाकी नऊ आले. दुसरं तयार ठशांचं. डोंगराचा ठसा उमटवा, झाडाचा उमटवा, चहा निवायच्या आत राज्य तयार! फक्त ते राज्य सगळ्या दुनियेच्या राज्यांसारखंच दिसायचं. "हे डोंगर माझे नाहीत," असं म्हणून त्याने ते काढून टाकलं. तिसरं रेघांचं. त्यात नदी धरून ओढली की वाकायची आणि डोंगर जागचा हलायचा नाही. पहिल्यांदा नदी वाकवली तेव्हा डोंगऱ्या दुकानात एकटाच मोठ्याने हसला. काही दिवस फुकट वापरून बघता येतं म्हणून ते सॉफ्टवेअर त्याने दुकानाच्या मशीनवर घातलं आणि एक बेट काढून बाईंना पाठवलं.

"हेच हवं होतं," बाईंचा निरोप आला. "सोमवारपासून या. घरी बोललात ना?"

"बोलतो," याने लिहिलं.

बोलतो म्हणे! जेवताना तोंड उघडलं, तर भावोजी म्हणाले, "माझे गुडघे आता बोलायला लागलेत रे. पुढे दुकान तुलाच बघायचंय." झालं, याने उघडलेल्या तोंडात घास घातला. दुसऱ्या दिवशी ताईला गाठलं, तर ती याच्या शर्टाचं बटण लावत होती. बटण लावणाऱ्या माणसाला मी चाललो म्हणून कसं सांगायचं? सकाळी पुन्हा तेच अर्धं शटर.

शनिवारी मात्र ठरवलं, आज काहीही होवो. दुपारी एक पाटी पोचवून दुकानात परतला तर जुनं मशीन जागेवर नाही. टेबलावर नवंकोरं मशीन, ही भली मोठी स्क्रीन, तिच्यावर काढायचा पेन. बाजूला भावोजी, आणि ताईसुद्धा मुद्दाम आलेली.

"मला काय कळत नाही होय?" भावोजी म्हणाले. "स्क्रीनवर लिहून येत होतं, मुदत संपते म्हणून. चोरून कशाला वापरायचं? सरळ मागायचं की! तीन वर्षांचे पैसे भरून टाकलेत. दुकानाच्या नावावर. आता कुठे जायची गरज नाही तुला."

"भावोजी, मला..."

"आभारबिभार नकोत हं. बस, बस आधी."

तो बसला. रेघांचं सॉफ्टवेअर क्षणात उघडलं, बेट झळकलं. पेन टेकवून नदी ओढली, तर लोण्यासारखी वाकली. खिशातला फोन थरथरला. बाई विचारत होत्या, सोमवारी किती वाजता येताय? त्याने टेबलाखाली लिहिलं, 'जमणार नाही. माफ करा.' लगेच उत्तर आलं, 'सॉफ्टवेअरची अडचण असेल तर आम्ही देऊ.' त्याने ती ओळ दोनदा वाचली. मग फोन उलटा ठेवला.

"आवडलं ना रे?" ताईने विचारलं.

आवडलं होतं, हेच तर वाईट होतं. याहून चांगलं सॉफ्टवेअर त्याला मागूनही मिळालं नसतं. "हो," तो म्हणाला, आणि एवढा बाप्या माणूस भर दुकानात हुंदके देऊन रडायला लागला.

"वेडा कुठला!" पदराने त्याचे डोळे पुसत ताई म्हणाली. "बघा हो, किती आनंद झालाय त्याला."